घरातल्या खोलीत मातीविना पालेभाजी: हायड्रोपोनिक पद्धत निवडताना पडणारे प्रश्न

इथली उत्तरं फ्लॅटमधली साधारण ८ बाय १० फुटांची खोली किंवा काचा लावून बंद केलेली बाल्कनी, कृत्रिम प्रकाश आणि लेट्युस, पालक, बेसिल यांसारखी पानांची पिकं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. आकडेमोड ४ बाय २ फुटांच्या, तीन कप्प्यांच्या एका रॅकची आहे.

पद्धत आधी ठरवावी की पीक?

आधी खोली बघा. तयार सेट आवडला म्हणून आणला आणि मग तो खोलीत कसा बसवायचा याचा विचार केला, तर पहिल्या उन्हाळ्यातच तो बंद करायची वेळ येते. चार गोष्टी तपासून कागदावर लिहा. दुपारी दोन ते पाच खोलीचं तापमान किती चढतं? वीज गेली तर सलग किती वेळ जाते? नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) किती आहे? आणि रॅकची जागा भिंतीलगत आहे की खोलीच्या मध्यावर? तापमानासाठी कमाल-किमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आठवडाभर ठेवा, शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये. या चार उत्तरांवरून पद्धत बरीचशी ठरून जाते. पीक त्यानंतर.

पद्धती किती आहेत आणि छोट्या खोलीत कोणत्या चालतात?

नावं बरीच आहेत, पण घरात विचार करण्याजोग्या तीन. पहिली क्रॅटकी: झाकणबंद टबात खतपाणी भरायचं, झाकणाच्या भोकात रोप बसवायचं, पंप नाही, वीज नाही. हवाई विद्यापीठातले बी. ए. क्रॅटकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. दुसरी डीडब्ल्यूसी (डीप वॉटर कल्चर): टब तसाच, पण पाण्यात एअर पंपाने सतत हवा सोडायची. तिसरी एनएफटी (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक): उतारावरच्या बंद पन्हळीतून खतपाण्याचा दोन-तीन मिलिमीटरचा थर सतत वाहता ठेवायचा. ही इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी विकसित केली.

ठिबक आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बादल्या टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीसाठी चांगल्या. पालेभाजीला त्यांची गरज नाही. ट्रे ठरावीक वेळाने भरायचा आणि रिकामा करायचा, ही भरती-ओहोटीची पद्धत रोपवाटिकेसाठी उत्तम, पण टायमर आणि ओव्हरफ्लो पाइप या दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं. एरोपोनिक्समध्ये लोंबत्या मुळांवर खतपाण्याचे तुषार मारतात; त्याचे बारीक नोझल क्षारांनी चोंदतात आणि पंप थांबला की मुळं लगेच सुकायला लागतात, म्हणून घरी ती नकोच.

उभा टॉवर कमी जागा घेतो. तो का नाही?

टॉवरला चारही बाजूंनी रोपं असतात, म्हणजे चारही बाजूंनी प्रकाश लागतो. गच्चीवर तो सूर्य देतो. खोलीत टॉवरभोवती उभ्या ट्यूब लावाव्या लागतात आणि त्यातला बराच प्रकाश रोपांमधून निसटून भिंतीवर पडतो. आडव्या रॅकमध्ये दिवा रोपांच्या थेट डोक्यावर असतो. कृत्रिम प्रकाश वापरायचा असेल तर रॅकच घ्या.

पहिल्यांदा करणाऱ्याने नेमकं काय घ्यावं?

क्रॅटकीचा एक क्रेट. मोठा खर्च करण्याआधी आपल्या पाण्यात, आपल्या खोलीत रोप कसं वाढतं ते यातून कळतं.

जाळी नसलेला, अपारदर्शक प्लास्टिक क्रेट घ्या: ६० बाय ४० सेंटिमीटर, २० सेंटिमीटर खोल. त्यात सुमारे ४० लिटर द्रावण मावतं आणि ८ लेट्युस येतात. एका लेट्युसला काढणीपर्यंत ४ ते ५ लिटर द्रावण लागतं, हे गणित पक्कं लक्षात ठेवा. झाकणासाठी दोन सेंटिमीटर जाडीची थर्माकोलची शीट, तिला २ इंची नेट पॉटच्या (जाळीदार छोट्या कुंडीच्या) मापाची भोकं. बी ओल्या स्पंजच्या किंवा कोकोपीटच्या तुकड्यावर पेरा. लेट्युसचं बी दाबून पुरू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. २८-३० अंशांच्या वर ते उगवायलाच नाखूश असतं, म्हणून उन्हाळ्यात पेरलेला ट्रे घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवा.

१२ ते १५ दिवसांनी तीन-चार पानांचं रोप नेट पॉटमध्ये बसवा. त्या वेळी पॉटचा तळ एक सेंटिमीटर द्रावणात बुडालेला हवा. पुढे पाणी खाली जातं आणि पॉट व पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते. तिथली मुळं हवा घेतात, खालची मुळं पाणी. पातळी खाली गेलेली पाहून काळजीने टब पुन्हा काठोकाठ भरणं ही क्रॅटकीतली सगळ्यांत घातक चूक आहे. हवेला सरावलेली मुळं बुडाली की दोन दिवसांत रोप मलूल होतं. भर घालायचीच असेल तर तळाशी तीन-चार सेंटिमीटर पाणी राहील एवढीच घाला.

साठलेल्या पाण्यात डास होणार नाहीत का?

फट राहिली तर होतील. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरातलं साठवलेलं पाणी तपासतात, ते योग्यच आहे. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतात. झाकण क्रेटच्या काठावर घट्ट बसलं पाहिजे, रिकामी भोकं टेपने बंद हवीत आणि नेट पॉटमध्ये स्पंजभोवती फट राहायला नको. पीक निघालं की टब त्याच दिवशी रिकामा करून घासून वाळवा. टबात काही महिने तेच पाणी ठेवून देणार असाल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही.

डीडब्ल्यूसी केव्हा घ्यावी?

खोली २६-२८ अंशांवर जात असेल आणि तरी टबच हवा असेल तेव्हा. कारण ऑक्सिजन. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो, ३० अंशांला साडेसातच. त्याच वेळी गरम पाण्यात मुळांची ऑक्सिजनची गरज वाढते. हवा सोडल्याने ही तूट बरीच भरून निघते.

ढोबळ नियम असा: ४ लिटर द्रावणामागे मिनिटाला १ लिटर हवा. म्हणजे ४० लिटरच्या टबाला मिनिटाला १० लिटर हवा देणारा पंप आणि दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारे सच्छिद्र दगड). पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकदिशा झडप बसवा. नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. वीज गेल्यावर डीडब्ल्यूसी काही तास तग धरते. बॅटरीवर चालणारा, मत्स्यालयासाठी मिळणारा छोटा एअर पंप जवळ असला तर रात्रभराचीही काळजी नको.

मग एनएफटी लोक का घेतात?

वजनामुळे. हे गणित प्रत्येकाने करून बघावं. ४ बाय २ फुटांच्या कप्प्यात १५ सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे सुमारे ११० लिटर, तेवढेच किलो. असे तीन कप्पे म्हणजे ३३० किलो, तेही पाऊण चौरस मीटर जागेत. म्हणजे चौरस मीटरमागे ४४० किलोच्या आसपास. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी धरला जाणारा चल भार (माणसं आणि सामान यांचं वजन) चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो. तो भार खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे एका कोपऱ्यात जास्त वजन आलं की स्लॅब लगेच कोसळतो असं नाही. पण पाण्याचे तीन टब एकावर एक रचणं योग्य नाही. टब हवाच असेल तर तो सर्वांत खालच्या कप्प्यात, रॅक भिंतीलगत, तुळईजवळ. तिन्ही कप्पे वापरायचे असतील तर एनएफटी घ्या. त्यात पन्हळीत पाणी नाममात्र असतं आणि सगळं वजन खाली ठेवलेल्या ५० ते ८० लिटरच्या टाकीत राहतं.

एनएफटी बसवताना कुठे चुकतं?

तीन ठिकाणी: उतार, पन्हळीचा आकार आणि पंप.

उतार ४० ला १ ठेवा. ४ फुटी पन्हळीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत ३ सेंटिमीटर. याहून कमी असेल तर मधे पाणी साचतं. रॅकचे कप्पे मधे वाकतात, म्हणून लेव्हल पन्हळीत पाणी सोडून तपासा. पन्हळ सपाट तळाची, १० सेंटिमीटर रुंद घ्या. गोल पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो, पण त्यात पाणी मधल्या खोलगटीतच वाहतं, मुळांचं जाळं तिथेच वाढतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते बांध घालतं.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. प्रत्येक पन्हळीला मिनिटाला एक लिटर लागतं. तीन कप्पे, प्रत्येकी चार पन्हळी, म्हणजे १२ लिटर मिनिटाला, तासाला ७२०. वरचा कप्पा टाकीतल्या पाण्यापासून १.६ मीटर उंच आणि पंपाची कमाल उंची (जिथवर तो पाणी चढवू शकतो) २.५ मीटर असेल, तर त्या उंचीवर खोक्यावरच्या आकड्याच्या साधारण एक तृतीयांशच पाणी पोचतं. म्हणजे तासाला २,००० लिटरचा पंप हवा. दुसरा मार्ग अधिक चांगला: पाणी फक्त वरच्या चार पन्हळींत सोडा, तिथून मधल्या, तिथून खालच्या कप्प्यात आणि मग टाकीत. मग तासाला १,००० लिटरचा पंप पुरतो आणि पाणी पडताना त्यात हवाही मिसळते. या रचनेत निचऱ्याचे पाइप निदान एक इंची ठेवा आणि दर आठवड्याला आत आलेली मुळं कापा.

आमच्याकडे वीज जाते. एनएफटी चालेल का?

पंप इन्व्हर्टरवर असेल तरच. पन्हळीत साठा नसतो, त्यामुळे गरम खोलीत वाढलेली रोपं एक-दोन तासांत माना टाकतात. दिवेही बंद झाल्याने पानांतून पाणी उडणं कमी होतं, तेवढाच दिलासा. २० वॅटचा पंप घरच्या १५० अँपिअर-तास बॅटरीच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. दिवे मात्र त्यावर जोडू नका. इन्व्हर्टर नसेल आणि दर आठवड्याला दुरुस्तीसाठी चार-सहा तास वीज बंद राहणाऱ्या भागात तुम्ही राहत असाल, तर एनएफटीचा विचार सोडा आणि खालच्या कप्प्यात टबांवर भागवा. कमी रोपं पण पीक हाती लागेल.

एसी लावावाच लागतो का?

द्रावणाचं तापमान १८ ते २२ अंश सर्वांत चांगलं, २५ पर्यंत ठीक. २८ च्या पुढे पिथियममुळे होणारी मूळकूज डोकं वर काढते: मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि कुबट वास येतो. निरोगी मूळ पांढरं, घट्ट असतं. कूज दिसली की ते रोप काढून टाका, द्रावण ओतून द्या, टाकी आणि पन्हळी ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन पुन्हा साध्या पाण्याने खळखळून काढा. नुसतं खत बदलून ती जात नाही.

बर्फाच्या बाटल्यांचा उपाय बरेच जण करतात. हिशोब असा: १ लिटर गोठवलेली बाटली १०० लिटर द्रावण जेमतेम १ अंशाने थंड करते. टाकी थर्माकोलने सगळीकडून झाका, ती फरशीवर ठेवा, आणि दिवे दिवसा न लावता संध्याकाळी सहा ते सकाळी दहा लावा. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात एवढ्यावर भागतं. मे महिन्यात विदर्भात किंवा वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोलीत नाही भागत. तिथे एसी लावा किंवा मार्चअखेरीस लेट्युस थांबवून उष्णता सोसणारी पिकं घ्या.

प्रकाश किती आणि कोणता?

पांढऱ्या एलईडी ट्यूब पुरतात. जांभळ्या दिव्यांची गरज नाही, त्या उजेडात पानांचा पिवळेपणा आणि कीड दिसत नाही. एका ४ बाय २ फुटी कप्प्याला २० वॅटच्या, ४ फुटी, ६५०० केल्विनच्या सहा ट्यूब लावा, रोपांच्या शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटर वर. पानांच्या उंचीवर लक्समीटर (उजेड मोजणारं उपकरण) १३ ते १५ हजार दाखवत असेल तर १६ तासांत लेट्युस नीट भरतं. आठ-नऊ हजारच असेल तर रोपं उंच, लुळी होतात. रात्रंदिवस दिवे ठेवू नका.

खर्च: १२० वॅट गुणिले १६ तास, म्हणजे कप्प्यामागे दिवसाला १.९ युनिट, महिन्याला ५८. तीन कप्प्यांचे १७३ युनिट. आपल्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणून बघा. दिव्यांचा हा खर्च भाजीच्या हिशोबात धरायलाच हवा.

कोणतं पाणी वापरायचं?

टीडीएस १५० पर्यंत असेल तर नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवून थेट वापरा. मुंबईला तलावांचं पाणी मिळतं, ते यासाठी सहसा चांगलं असतं. ३०० च्या वर, म्हणजे मराठवाड्यातल्या किंवा शहरांच्या कडेच्या बोअरच्या पाण्यात, बायकार्बोनेट इतकं असतं की पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) रोज वर चढतो. अशा वेळी अर्धं आरओचं पाणी मिसळा. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी वापरू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारमुक्त असलं तरी कॉइलवरची घाण आणि धातूंचा अंश घेऊन येतं. खाण्याच्या भाजीला तेही नको.

१९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत टाकून चालेल का?

नाही. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. जमिनीतले जिवाणू युरियाचं रूपांतर करतात. स्वच्छ द्रावणात ते फारसं होत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नाही.

कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या विद्राव्य खतांतून १०० लिटरसाठी पालेभाजीचं मिश्रण असं बनतं: कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ४० ग्रॅम, ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) १८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, १२ टक्के चिलेटेड लोह १.७ ग्रॅम, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण २ ग्रॅम. कमी टीडीएसच्या पाण्यात याचा ईसी (द्रावणाची विद्युतवाहकता, म्हणजे खताची तीव्रता; मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) १.५ च्या आसपास येतो. लहान रोपांना निम्मं पाणी घालून द्या.

कॅल्शियम नायट्रेट एका बादलीत, बाकीची खतं दुसऱ्या बादलीत, भरपूर पाण्यात वेगवेगळी विरघळवा आणि एकामागून एक टाकीत ओता. घट्ट द्रावणं एकत्र केली तर कॅल्शियम सल्फेट आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका बसतो. खत तळाशी राहतं आणि पीक उपाशी. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा यासाठी घ्याच.

मीटर काय सांगतो, ते कसं वाचायचं?

ईसी १.० ते १.५ आणि पीएच ५.५ ते ६.५ हे लेट्युसचं क्षेत्र. पाणी कमी झालं आणि ईसी वाढला, तर झाडं खतापेक्षा पाणी जास्त पीत आहेत; साधं पाणी घाला. ईसी उतरला तर खत घाला. पीएच हळूहळू वर जाणं नैसर्गिक आहे. तो ६.५ ओलांडून राहिला की नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, कारण लोह उपलब्ध होत नाही. पातळ केलेलं फॉस्फरिक ॲसिड १-२ मिलिलिटर घालून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा घालून. लिंबू किंवा सायट्रिक ॲसिडचा परिणाम एक-दोन दिवसांत उतरतो.

टीडीएस मीटर असेल तर त्याचा गुणक तपासा. ईसी १.० हा एका मीटरवर ५०० दिसतो, दुसऱ्यावर ७००. लोकांच्या आकड्यांत गोंधळ होतो तो बहुधा यामुळेच.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. कॅल्शियम वाढवू का?

आधी पंखा लावा. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि पानांतून पाणी उडालं तरच ते शेंड्यापर्यंत पोचतं. पन्नास वाढलेली लेट्युस खोलीत दिवसाला पाच-सात लिटर पाणी वाफेच्या रूपात सोडतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा आधीच ओलीचिंब असते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हा त्रास वाढतो आणि भुरीही (पानांवरची पांढरी बुरशी) येते. प्रत्येक कप्प्यात पानं किंचित हलतील असा छोटा पंखा लावा, आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा आणि रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. या अंतराने कप्प्यात १८ रोपं बसतात; ३२ बसवायचा मोह आवरा.

लेट्युस सोडून काय घेता येईल?

बेसिल आणि माठ उष्णतेत चांगले येतात. आपला देशी पालक बीटच्या कुळातला आहे, परदेशी स्पिनॅचपेक्षा गरम पाण्यात बराच टिकतो. पुदिना फांदीपासून लगेच लागतो, पण त्याची मुळं पन्हळ भरून टाकतात, म्हणून त्याला वेगळा टब द्या. कोथिंबीर येते, फक्त सावकाश. मेथीला एवढा खर्च करू नका, ती कोकोपीटच्या ट्रेमध्ये तशीच छान येते.

पाणी आणि वीज एकाच रॅकवर. धोका नाही का?

आहे, म्हणून हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे याची तपासणी. एक्स्टेंशन बोर्ड फरशीवर नको, पाण्याच्या पातळीपेक्षा वर भिंतीवर. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशीच गळून पडेल. टाकीत हात घालण्याआधी पंपाचा स्विच बंद.

आठ दिवस गावाला जायचं आहे. काय करावं?

वाढलेलं पीक आधी काढून घ्या. दिवसाला सर्वांत जास्त पाणी तेच पितं. टाकी काठोकाठ भरा आणि ईसी नेहमीपेक्षा ०.३ ने कमी ठेवा, कारण पाणी कमी होत जाईल तसं द्रावण घट्ट होणार आहे. दिवे १६ वरून १२ तासांवर आणा. एनएफटीमध्ये अठरा वाढत्या रोपांमागे रोज दोन-अडीच लिटर पाणी जाईल असं धरून टाकी पुरते का ते बघा; पुरत नसेल तर शेजाऱ्यांना चौथ्या दिवशी टाकीवरच्या खुणेपर्यंत साधं पाणी घालायला सांगा, खत नाही. क्रॅटकीच्या टबाला यातलं काहीच करावं लागत नाही, फक्त निघण्याआधी झाकणाच्या फटी तपासा.